घटस्फोटानंतर ठरलेले पैसे मिळत नाहीत, मग 'कंटेम्प्ट' करायचा का?

समजा, नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो आणि बायको जुळे सोलापुरातल्या एका शाळेत शिकवते. परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींत, लिहिलं की नवऱ्यानं १२ लाख रुपये तीन हप्त्यांत द्यायचे आणि होटगी रोडचा फ्लॅट बायकोच्या नावावर करून द्यायचा. पहिला हप्ता कोर्टातच डीडीनं मिळाला. दुसऱ्याची तारीख उलटली. विचारलं तर उत्तर आलं, "सूत महागलंय, उधारी अडकलीय, दिवाळीनंतर बघू." दिवाळी गेली, गड्ड्याची यात्राही गेली. मग माहेरचं कुणीतरी सांगतं, "कंटेम्प्ट टाका. जेलमध्ये बसला की पैसे आपोआप निघतील."

यातलं थोडं खरं आहे. पण तेवढ्यावर विसंबून बायका वकिलाची फी भरतात आणि वर्षभरानं हातात एक माफीनामा घेऊन परत येतात. म्हणून कंटेम्प्ट, म्हणजे न्यायालयाचा अवमान, कुठं चालतो, कुठं चालत नाही आणि पैसे खरोखर कुठून निघतात ते नीट पाहू.

शिक्षा एकीकडे, वसुली दुसरीकडे

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातली, म्हणजे न्यायालयाच्या निकालाच्या आदेशातली, रक्कम वसूल करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे दरखास्त, तो हुकूमनामा बजावून घेण्याचा अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८-अ नुसार त्या कायद्याखालचे हुकूमनामे आणि आदेश कुठल्याही दिवाणी हुकूमनाम्यासारखेच बजावले जातात. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १८ हेच सांगतं. जप्ती, लिलाव, पगारातून कपात, दिवाणी तुरुंग ही सगळी दरखास्तीची हत्यारं आहेत आणि त्यांचा एकच हेतू असतो, तुमचे पैसे काढून देणं.

कंटेम्प्टचा हेतू वेगळा. न्यायालय अवमान कायदा, १९७१ मध्ये 'दिवाणी अवमान' म्हणजे न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून मोडणं, किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं. इथं भांडण आदेश मोडणारा आणि न्यायालय यांच्यात असतं. तुम्ही फक्त 'हे पाहा, आदेश मोडलाय' असं न्यायालयाच्या नजरेला आणून देणारे. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिन्यांची साधी कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड तुमच्या खात्यात येत नाही. शिवाय दिवाणी अवमानात दंडावर भागत असेल तर कैद देऊ नये, असा कायद्याचाच कल आहे. मनापासून माफी मागितली तर शिक्षा माफही होते.

तरीही लोक कंटेम्प्टकडे धावतात, आणि त्याला कारण आहे. उच्च न्यायालयाची नोटीस दारात आली की जो माणूस वर्षभर फोन उचलत नव्हता तो स्वतःहून वकील गाठतो. न्यायमूर्ती विचारतात, "पैसे कधी देताय?" मग निम्मे आज, निम्मे महिन्यानं, असं काहीतरी ठरतं. पैसे मिळतात ते या भीतीपोटी. कायद्यात वसुलीची तशी तरतूद आहे म्हणून मिळत नाहीत. हा फरक आधीच लक्षात असेल तर अपेक्षा बेताच्या राहतात.

सोलापूरचा अर्ज कुठं जातो

अमेरिकेत ज्या कोर्टानं घटस्फोट दिला तेच सहसा असा अर्ज ऐकतं. त्यामुळं तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या बायकांना वाटतं की सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयातच कंटेम्प्ट होईल. तसं होत नाही. अवमान कायद्याच्या कलम १० नुसार कनिष्ठ न्यायालयांच्या अवमानाबद्दल शिक्षा करायचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. म्हणजे आता मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, वकिलाची भेट, पुन्हा रात्रीचा परतीचा प्रवास, हे सोलापूरकरांचं जुनं दुखणं त्यानं बरंच कमी झालं.

एक अपवाद लक्षात ठेवा. कौटुंबिक न्यायालयानं मनाईहुकूम दिला असेल, उदाहरणार्थ 'अर्जाचा निकाल लागेपर्यंत फ्लॅट विकू नये', आणि तरी नवऱ्यानं तो विकायला काढला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली तेच न्यायालय त्याची मालमत्ता जप्त करू शकतं आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. यासाठी कोल्हापूरला जायची गरज नाही.

सगळा खेळ हमीच्या एका ओळीचा

माझ्या मते कंटेम्प्टचं भवितव्य पैसे थकतात त्या दिवशी ठरत नाही. कन्सेंट टर्म्स टाइप होत असतात त्या दिवशीच ते ठरून जातं, आणि नेमकं त्या दिवशी दोन्ही बाजू इतक्या थकलेल्या असतात की कुणी मसुदा नीट वाचत नाही.

टर्म्समध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. एक, "पती पत्नीस १२ लाख रुपये देईल असे उभयपक्षी ठरले आहे." दुसरं, "पती या न्यायालयास हमी देतो की तो अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम पत्नीच्या बँक खात्यात जमा करील." पहिलं वाक्य म्हणजे दोघांतला करार, त्यावर न्यायालयाचा शिक्का. दुसरं वाक्य म्हणजे न्यायालयाला दिलेला शब्द.

सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये बाबूराम गुप्ता विरुद्ध सुधीर भसीन या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. संमतीनं आदेश झाला, पण कुणी न्यायालयाला हमी दिलेली नाही, तर तो आदेश पाळला नाही म्हणून हमीभंगाचा अवमान होत नाही. दुसऱ्या पक्षानं दरखास्त करावी. पुढं २००६ मध्ये रामा नारंग विरुद्ध रमेश नारंग हा खटला आला. तोही एका कुटुंबातलाच वाद, पण कंपन्यांचा. तिथं संमतीच्या अटींत हमी होती. न्यायालयानं म्हटलं की हुकूमनाम्याची दरखास्त होऊ शकते एवढ्यावरून अवमानाचा मार्ग बंद होत नाही. मात्र तो भंग न्यायदानाच्या कामात खरोखर मोठा अडथळा आणणारा असला पाहिजे, कारण त्याशिवाय शिक्षा देऊ नये असं कायद्याचं कलम १३ सांगतं. मधल्या काळात, १९९९ मध्ये, कपिलदेव प्रसाद साह खटल्यात त्याच न्यायालयानं बजावलं होतं की अवमानाची कारवाई म्हणजे दरखास्तीची पळवाट नव्हे.

हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र असं दिसतं. फक्त रक्कम थकली असेल तर उच्च न्यायालय बहुधा 'दरखास्त करा' म्हणेल. हमी असेल, ती न्यायालयानं आदेशात स्वीकारलेली असेल आणि समोरच्यानं ती ठरवून मोडली असेल, तर दार उघडतं.

म्हणून ज्यांचे टर्म्स अजून व्हायचे आहेत त्यांनी वकिलाकडं काही गोष्टी आग्रहानं मागाव्यात. हमी नवऱ्याच्या सहीच्या हमीपत्रात हवी, आणि 'ही हमी न्यायालयाने स्वीकारली' हे वाक्य आदेशात यायला हवं. प्रत्येक हप्त्याला तारीख हवी. 'लवकरात लवकर' किंवा 'दिवाळीपर्यंत' नको, कारण अवमानाचं न्यायालय मूळ आदेशाच्या चौकटीबाहेर जाऊन नवी तारीख घालत नाही. थकल्यास व्याज किती, हेही लिहा. दिवाणी संहितेच्या कलम ३४ नुसार रकमेच्या हुकूमनाम्यात पुढच्या व्याजाचा उल्लेखच नसेल तर ते नाकारलं असं धरलं जातं.

आणि सगळ्यांत व्यवहाराचं म्हणजे, परस्पर संमतीच्या घटस्फोटात शेवटचा हप्ता शेवटच्या जबाबाच्या दिवशीच, डीडीनं, न्यायाधीशांसमोर घ्या. हुकूमनामा झाल्यावर मिळायच्या प्रत्येक रुपयासाठी पुन्हा तारखा मोजाव्या लागतात. आमच्याकडं 'शब्दावर विश्वास ठेवा, आपण एकाच समाजातले' म्हणत मध्यस्थी करणारे मामा-काका फार. त्यांचा हेतू चांगला असतो, पण दरखास्तीत त्यांच्या शब्दाचा काडीचा उपयोग नसतो.

'जाणूनबुजून' सिद्ध कसं करायचं

अवमानाची कारवाई जवळजवळ फौजदारी खटल्यासारखी कडक असते. पैसे दिले नाहीत एवढं पुरत नाही. देता येत असताना दिले नाहीत हे दाखवावं लागतं. माग बंद पडले, बँकेनं कर्ज थकीत ठरवलं, आजारपणात पैसा गेला, असं नवऱ्यानं कागदांसह दाखवलं तर अवमान टिकणं अवघड.

उलट बाजूनं, हप्त्याच्या तारखेनंतर त्यानं नवी गाडी घेतली, भावाच्या नावावर प्लॉट केला, नवीन माग बसवले, परदेशवारी केली, तर ते पुरावे बोलतात. गाडीची नोंद, दुय्यम निबंधकाकडच्या दस्ताची नक्कल, प्रॉपर्टी कार्ड, सातबारा, फेरफार, असे सरकारी कागद जमवा. व्हॉट्सॲपवर 'तुला एक रुपया देणार नाही, काय करायचं ते कर' असा मेसेज असेल तर तो सोन्यासारखा जपा, आणि स्क्रीनशॉटवर न थांबता मूळ चॅट फोनमध्ये ठेवा.

मुदतीचं घड्याळ मात्र सगळ्यांत निर्दयी. अवमान कायद्याच्या कलम २० प्रमाणे अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. पल्लव शेठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये अर्थ लावला की पक्षकारानं अर्ज एका वर्षाच्या आत दाखल केला तर पुरे. म्हणजे दुसरा हप्ता ३१ मार्चला द्यायचा होता, तर त्या हप्त्यापुरतं घड्याळ तेव्हापासून चालतं. 'अजून देत नाहीये म्हणजे रोज नवा अवमान' असा युक्तिवाद करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. 'दिवाळीनंतर देतो' असं दोनदा ऐकून घेतलं की वर्ष संपलेलं असतं. दरखास्तीला असा धाक नाही, तिथं १२ वर्षांची मुदत आहे.

दरखास्तीतून पैसे कसे निघतात

दरखास्त हा कंटाळवाणा मार्ग आहे, पण रोकड निघते ती इथूनच. हिच्यात खरी मेहनत नवऱ्याची मालमत्ता शोधण्याची. न्यायालय स्वतःहून शोध घेत नाही, यादी तुम्ही द्यायची असते.

यादी जमत नसेल तर दिवाणी संहितेचा आदेश २१ नियम ४१ वापरा. त्याखाली न्यायालय नवऱ्याला त्याच्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावू शकतं आणि तोंडी विचारूही शकतं. शपथपत्र द्यायला टाळाटाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग आहे. हा नियम फार कमी वापरला जातो याचं मला नवल वाटतं, कारण घटस्फोटाच्या प्रकरणांत माहिती लपवणं हेच निम्मं भांडण असतं.

मग काय काय जप्त होऊ शकतं? आपल्या मागवाल्याचंच घ्या. बँक खातं तर आहेच. पण त्याचा टॉवेल ज्या व्यापाऱ्यांनी उधारीवर नेलाय, त्यांच्याकडून त्याला येणं असलेली रक्कमही जप्त होते. न्यायालय त्या व्यापाऱ्याला सांगतं की हे पैसे त्याला देऊ नका, इथं भरा. शेतकरी नवरा असेल तर साखर कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलाला हेच लागू करता येतं. सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्याचं अडत्याकडं येणं असेल तर तेही. नवरा उधारी वसूल होत नाही म्हणून रडत असेल, तर ती उधारीच न्यायालयाकडं वळवून घेणं हे त्याला नेमकं उत्तर.

मागांचं काय? स्वतः राबणाऱ्या कारागिराची अवजारं जप्त करता येत नाहीत, असं दिवाणी संहितेचं कलम ६० सांगतं. सोलापूरच्या पूर्व भागात घरातच दोन माग टाकून नवरा-बायको मिळून चालवतात, तिथं हा मुद्दा नक्की उभा राहील. एमआयडीसीत कामगार लावून चालणाऱ्या कारखान्याच्या मालकाला तो घेणं अवघड जाईल. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, हेही जप्तीबाहेर.

नोकरदार नवरा, म्हणजे रेल्वेत, महापालिकेत किंवा शाळेत, असेल तर पगार. इथं टर्म्समधला एक शब्द लाखमोलाचा ठरतो. हुकूमनामा पोटगीचा असेल तर पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित, बाकीचा जप्तीला मोकळा. इतर कुठल्याही रकमेचा असेल तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ३०,००० च्या पगारावर हिशेब करून पाहा. पोटगीसाठी २०,००० पर्यंत हात पोचतो, 'सेटलमेंटची रक्कम' असेल तर साधारण ९,६६६ पर्यंत. म्हणून टर्म्समध्ये 'फुल अँड फायनल सेटलमेंट' एवढंच न लिहिता 'हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालील कायमस्वरूपी पोटगी' असं स्पष्ट लिहून घ्या.

त्याच कलम २५ मध्ये आणखी एक सोय आहे, जिच्याकडं दुर्लक्ष होतं. पोटगीच्या रकमेसाठी न्यायालय नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकतं. मंद्रूपची शेती किंवा शेळगीचं घर असेल तर टर्म्समध्येच बोजा लिहून घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा प्रॉपर्टी कार्डावर त्याची नोंद करून घ्या. मग ती मिळकत विकायला गेला की घेणारा आधी तुमच्याकडं येतो. मला विचाराल तर हा बोजा दहा कंटेम्प्टच्या तोडीचा आहे.

नवरा सोलापूर सोडून गेला तर? इथले कितीतरी मागवाले भिवंडी, सुरत किंवा हैदराबादकडं सरकतात. हुकूमनामा त्या ठिकाणच्या न्यायालयाकडं बजावणीसाठी पाठवून घेता येतो. अर्ज मात्र इथंच, मूळ न्यायालयात करायचा.

तुरुंग दरखास्तीतही आहे, पण त्याचे नियम ऐका

लोकांना वाटतं तुरुंग फक्त कंटेम्प्टमध्ये. पैशाच्या हुकूमनाम्यात ५,००० रुपयांपेक्षा जास्त थकबाकीसाठी तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आधी नोटीस, मग चौकशी. नवऱ्याकडं पैसे होते आणि तरी दिले नाहीत, किंवा मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर सरकवली, किंवा तो पळून जायच्या बेतात आहे, असं दिसलं तरच. निव्वळ गरिबी म्हणून कुणाला कर्जापायी कोंडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात ठामपणे सांगितलंय.

आता गंमत पाहा. या कैदेत नवऱ्याच्या जेवणखाणाचा भत्ता बायकोनं कोर्टात भरायचा असतो. आधी भरला नाही तर अटकच नाही. ज्या माणसानं वर्षभर तुम्हाला एक पैसा दिला नाही त्याच्या भाकरीचे पैसे तुम्ही द्यायचे. पण नियम आहे. कैद भोगून आला म्हणून कर्ज फिटत नाही, रक्कम तशीच उभी राहते. फक्त त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक करता येत नाही. म्हणून हे हत्यार अगदी विचार करून, योग्य वेळी काढायचं.

देणं बाईकडं असेल तर? पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही, दिवाणी संहितेच्या कलम ५६ चा स्पष्ट निषेध आहे. मात्र कंटेम्प्टमध्ये ती सूट नाही. टर्म्समध्ये 'अमुक तारखेला घराचा ताबा देईन' अशी हमी बाईनं दिली असेल आणि ती मोडली, तर कोल्हापूरची नोटीस तिलाही येऊ शकते.

फ्लॅटची गोष्ट

१२ लाखांपेक्षा फ्लॅट सोपा, असं सांगितलं तर पटत नाही, पण आहे तसंच. टर्म्समध्ये 'पती फ्लॅट पत्नीच्या नावे नोंदणीकृत दस्ताने करून देईल' असं असेल आणि तो सहीलाच येत नसेल, तर आदेश २१ नियम ३४ खाली तुम्ही दस्ताचा मसुदा न्यायालयात द्यायचा. न्यायालय तो नवऱ्याला पाठवतं, हरकती ऐकतं, आणि तरी तो आला नाही तर त्याच्या वतीनं न्यायालयाचा अधिकारी दस्त करून देतो. नवऱ्याच्या सहीसाठी विनवण्या करायची गरजच उरत नाही. फ्लॅटचं वर्णन मात्र चोख हवं: गट किंवा सर्व्हे नंबर, सोसायटी, फ्लॅट नंबर, चतुःसीमा. आणि बँकेचं कर्ज शिल्लक असेल तर ते कोण फेडणार हे टर्म्समध्ये नसेल, तर नवा तमाशा सुरू. मुद्रांक शुल्काचं गणित ती अजून 'पत्नी' असताना आणि घटस्फोट झाल्यावर वेगळं पडू शकतं, म्हणून दस्त कधी करायचा हे आधीच विचारून ठेवा.

कुणी म्हणेल, टर्म्स नसते तर न्यायालयानंच नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा दिला असता. आपल्याकडं तसा कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी किंवा सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामायिक वस्तूंपुरतं आहे. नवऱ्याच्या नावच्या घराचं काय, हे बहुतेक तडजोडीतच ठरतं, म्हणून तर तडजोडीच्या भाषेला एवढं महत्त्व.

महिन्याच्या पोटगीचा रस्ता जवळचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत हवा. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही कलम १२५ चा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

मग करायचं काय

दोन्ही, पण क्रमानं. हप्ता चुकला की पंधरा दिवसांत वकिलामार्फत लेखी नोटीस. उत्तर नाही आलं की सोलापुरात दरखास्त आणि सोबत मालमत्तेच्या शपथपत्राचा अर्ज. शपथपत्रात त्यानं काय सांगितलं आणि काय लपवलं ते हाती आलं की 'जाणूनबुजून'चा पुरावा आयता मिळतो. हमी असेल तर मग, वर्ष उलटायच्या आत, कोल्हापूरला अवमान याचिका. दिवाणी अवमानाला महाधिवक्त्यांची संमती लागत नाही, ती फौजदारी अवमानाची भानगड. याचिकेत 'पैसे वसूल करून द्या' ही मागणी पुढं करू नका. हमी काय होती, कधी मोडली, मोडताना त्याच्याकडं काय होतं, एवढंच ठसठशीत मांडा.

दरखास्ती रेंगाळतात हे खरं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये राहुल शाह खटल्यात आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. त्यानंतर देशभरातून माहिती मागवली तेव्हा ८.८ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं, आणि सर्वांत मोठा ढीग महाराष्ट्रात. तरी त्या निकालांचा उपयोग आहे. तारखेवर तारीख पडू लागली की लेखी अर्ज देऊन सहा महिन्यांचं ते बंधन न्यायालयाला दाखवून द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही, १९८७ च्या कायद्यानं स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

ज्याला द्यायचे आहेत त्या वाचकासाठीही दोन शब्द, कारण सगळेच लबाड नसतात. पैसे बँकेतूनच द्या. मेहुण्याच्या हातात रोख दिलेले दोन लाख न्यायालयाच्या नोंदीवर आले नाहीत तर दरखास्तीत ते दिलेच नाहीत असं धरलं जाईल, आदेश २१ नियम २ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणून प्रत्येक हप्त्यानंतर दोघांच्या सहीची पुरसिस, म्हणजे पैसे पोचल्याचं न्यायालयाला कळवणारा लेखी कागद, दाखल करा. आणि धंदा खरोखर बसला असेल तर हप्त्याची तारीख उलटायच्या आधी, त्याच न्यायालयात, जीएसटी विवरणपत्रं, वीजबिलं आणि बँकेची पत्रं जोडून मुदतवाढ मागा. तारखेआधी आलेला अर्ज आणि नोटीस मिळाल्यावर सुचलेली अडचण यांत न्यायाधीशांना फरक कळतो.